सलीमभाईंसाठी नेलेला रोबोट

साताऱ्याला लोक कासची फुलं बघायला जातात, अजिंक्यताऱ्यावर चढतात, आणि यातलं काहीच जमलं नाही तर निदान कंदी पेढ्यांचा बॉक्स तरी घेऊन येतात. मी गेले ती एका कारखान्याच्या फरशीत बोल्टांनी घट्ट बसवलेला जुना रोबोट सोडवून सांगलीला न्यायला. परत आल्यावर अमरावतीहून बहिणीचा फोन आला. “मग, काय काय पाह्यलं तिकडे?” मी तिला डोंगर सांगितले, ऊस सांगितला, जेवण तर पोटभर सांगितलं. सलीमभाईंचं सांगायला लागले आणि मध्येच अडखळले. फोनवर ते नीट येईना. म्हणून लिहायला बसले.

आधी माझ्या कामाबद्दल थोडं. मी पुण्यात राहते आणि कारखान्यांतल्या रोबोटांना काम शिकवते. हे रोबोट चालत-बोलत नाहीत. माणसाच्या उंचीचा एक लोखंडी हात, त्याला सहा सांधे, आणि टोकाला ज्या कामासाठी आणला असेल ते हत्यार. आमच्या रोबोटाच्या टोकाला वेल्डिंगची टॉर्च होती. शिकवायचं म्हणजे पेंडंट नावाची, जाड वायरीची, बटणांची पाटी हातात धरायची, तो हात एकेका बिंदूवर नेऊन ठेवायचा आणि ‘इथं थांब, इथं पेट, इथवर सावकाश ये’ हे त्याच्याकडून नोंदवून घ्यायचं. एकदा शिकला की तेच आणि तसंच करत राहतो. समोर लोखंड ठेवलंय की नाही, हेही बघत नाही.

सातारा

स्टँडवरून जी रिक्षा केली तिचे चालक निवृत्त फौजी होते. हे मी विचारलं नाही, त्यांच्या बसण्यावरून कळलं. आमच्या अमरावतीचा रिक्षावाला एक पाय बाहेर सोडून, गाणं लावून, ओळखीच्यांना हाका मारत जातो. हे गृहस्थ पाठ ताठ ठेवून अशी रिक्षा हाकत होते की मागं मी नसून दारूगोळा असावा. एमआयडीसीच्या फाटकाशी उतरताना म्हणाले, “कारखाना बंद व्हायला लागलाय म्हणत्यात, खरं हाय का मॅडम?”

“कारखाना नाही, एक लाइन,” मी म्हटलं.

“तेच की,” ते म्हणाले. “हळूहळूच असतंय ते.”

ट्रॅक्टरच्या सीटचे सांगाडे जोडणारी ती लाइन होती. तिच्या जागी नवी, आपली आपणच चालणारी लाइन आली होती. जुना रोबोट विकला गेला होता आणि तो चालवणाऱ्या सुनंदा शेलार यांना महिनाअखेरीस घरी जायचं होतं. सुनंदाताई जावळीच्या, मेढ्याजवळच्या एका गावातल्या. रोज एसटीनं येऊन-जाऊन त्यांनी अनेक वर्षं ही नोकरी केली. रोबोट पहिल्यांदा बसवला तेव्हा त्यांना तो शिकवायला मीच आले होते. त्या वेळी पेंडंट हातात घ्यायला त्या तयार नव्हत्या. पदराला हात पुसत म्हणाल्या होत्या, “इकडं दाबलं आन् ह्यो माझ्या अंगावर आला म्हंजी?” आता त्या एका हातानं चहा पीत दुसऱ्या हातानं पेंडंटवरून रोबोटाचा हात मुडपून, प्रवासाला नेतात तसा त्याच्याच अंगाशी आणत होत्या.

शेवटचं काम जुने प्रोग्राम पुसण्याचं. ते या कारखान्याचे, बाहेर नेता येत नाहीत. मी पेंडंट मागितलं तर म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे मॅडम, मीच करती.” एकेक नाव समोर येई, त्या वाचत, पुसत. मध्येच एकावर थांबल्या. “हे करताना माझ्या धाकटीला डेंग्यू झालता. दवाखान्यातनं इकडं यायची.” मग तेही पुसलं.

सांगलीजवळ कुपवाडला उसाच्या ट्रॉल्या बनवणारा एक छोटा कारखाना आहे, रफीक शिकलगार यांचा. त्यांनी हा रोबोट घेतला होता. सौदा करतानाच त्यांनी म्हटलं होतं, “मशीन देताय तर ते चालवणारं माणूस पण द्या.” त्यामुळं सुनंदाताईंचं नाव निघालं. त्यांनी अजून होकार दिला नव्हता. “घरी इचारून सांगती,” एवढंच.

मेढा

दुसऱ्या दिवशी ट्रक मिळायचा नव्हता. सुनंदाताईंनी जेवायला गावी नेलं. साताऱ्याहून मेढ्याकडं जाताना रस्ता डोंगराला बिलगतो आणि बसमधले सगळे एकमेकांना ओळखत असल्यासारखे बोलू लागतात. खरोखरच ओळखत असतात. भाताची खाचरं पिवळी पडायला लागली होती. वऱ्हाडात आमच्याकडं शेत म्हणजे नजर पोहोचेल तिथवर सपाट. इथं एवढ्याशा तुकड्यालाही उतारावर दगडी बांध घालून धरून ठेवलेलं. इतक्या कष्टानं धरलेली जमीन मी पहिल्यांदा पाहिली.

जेवायला नाचणीची भाकरी, घेवड्याची आमटी आणि खरडा होता. आम्ही वऱ्हाडी स्वतःला तिखट खाणारे समजतो. त्या खरड्यानं माझा तो समज दोन घासांत उतरवला. सुनंदाताईंचे यजमान तानाजीराव लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी न बोलता माझ्यासमोर दह्याची वाटी सरकवली.

जेवण झाल्यावर सुनंदाताईंनी विषय काढला. “आवं, सांगलीचं काय करायचं? लांब हाय. तितंच ऱ्हावं लागंल.”

तानाजीराव सुपारी कातरत होते. “मी जम्मूला व्हतो तवा लांब न्हवतं व्हय?”

“तुमचं येगळं.”

“काय येगळं? तवा तू हितं सगळं बघितलंस. पोरी, म्हातारी, म्हशी. आता मी बघतो. तुझी पोस्टिंग आली म्हनायचं, जायचं.” मग माझ्याकडं वळून म्हणाले, “सुट्टी मिळंल न्हवं मॅडम तिला? आमाला वर्साला मिळायची.”

सुनंदाताई हसल्या आणि तोंड फिरवून भांडी उचलायला लागल्या. डोळे मात्र भरले होते. इतक्या सहज ‘जा’ म्हणणारा नवरा मिळाला याचा आनंद की इतक्या सहज म्हणाला याचं वाईट, ते मी विचारलं नाही.

महामार्ग

ट्रक निघाला. पुढं चालकाशेजारी मी आणि सुनंदाताई, मागं दोरखंडांनी बांधलेला रोबोट. साताऱ्याहून कराडकडं जाताना रस्त्याचं रुंदीकरण चाललेलं, दर थोड्या वेळानं बाजूच्या कच्च्या रस्त्यावर उतरवत होते. एका उतारावर ट्रकचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं आणि मागून असा आवाज आला की सुनंदाताई “आई गं!” म्हणून उठल्याच. मागं जाऊन पाहिलं. दोर शाबूत, हात शाबूत, नुसती बुडाशी असलेली एक छोटी वायर निसटलेली.

ती वायर बॅटरीची होती. वीज बंद असतानाही आपले सांधे कुठं आहेत हे रोबोट त्या बॅटरीच्या जोरावर लक्षात ठेवतो. ती सुटली म्हणजे त्याला स्वतःच्या शरीराचा पत्ता उरला नाही. शिकवणं सोडाच, आधी त्याचा प्रत्येक सांधा त्यावरच्या खुणेशी जुळवून ‘हे तुझं मूळ ठिकाण’ म्हणून सांगावं लागणार होतं. दिवसभराचं काम वाढलं. मी चरफडले. चालकानं शांतपणे तंबाखू मळली आणि म्हणाला, “मॅडम, जल्माला आलेल्या पोराला पण सगळं पयल्यापासनंच शिकवावं लागतंय.”

कराडच्या पुढं ऊस सुरू झाला तो सुटेचना. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला, रस्ताच त्यातून काढलेला. अजून साखर कारखाने पेटले नव्हते, पण बैलगाड्यांवर संसार लादून ऊसतोड्यांच्या टोळ्या यायला लागल्या होत्या. रिकाम्या ट्रॉल्या रंगवून रस्त्याकडेला वाळत ठेवलेल्या. सुनंदाताई प्रत्येक ट्रॉलीचे जोड बघत होत्या. “ह्यो हातानं मारलेला. ह्यो पण. बघा कसा सरळ हाय.” मग जरा वेळानं, “तितला वेल्डर कोण असंल हो? त्येचं काय करणार हायती?”

मला ठाऊक नव्हतं. रफीकभाईंशी माझं बोलणं वीज, पाया, गॅस यापुरतंच झालं होतं.

कुपवाड

रफीकभाई फाटकातच उभे होते. पस्तिशीचे, अंगावर इस्त्रीचा शर्ट, चेहरा मात्र उतरलेला. आम्हाला वाटलं, उशीर झाला म्हणून रागावले असतील. त्यांनी चहा मागवला, रोबोट उतरवून घेतला, त्याच्यासाठी बाजूच्या नव्या शेडमध्ये बांधलेला सिमेंटचा चौथरा दाखवला. चौथऱ्यासमोर काचेची एक छोटी खोली होती, आत पंखा आणि फिरती खुर्ची. खुर्चीवरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.

“ही ताईंसाठी?” मी विचारलं.

“न्हाई,” ते म्हणाले. “ही सलीमभाईसाठी.”

आणि मग तिथंच, चौथऱ्याच्या कडेला बसून, त्यांनी सगळं सांगितलं.

शिकलगारांचा मूळ धंदा धार लावण्याचा. आजोबा कोयते आणि विळे करायचे, वडिलांनी वेल्डिंगचं दुकान टाकलं. वडील गेले तेव्हा रफीक शाळेत होता. थोरल्या सलीमनं शाळा सोडून टॉर्च हातात घेतली आणि धाकट्याला डिप्लोमापर्यंत शिकवलं. कारखाना उभा राहिला तो सलीमभाईंच्या हातावर. पंचक्रोशीत म्हण होती, शिकलगाराची ट्रॉली मोडंल पण जोड सुटायचा न्हाई. पण वेल्डिंगच्या झळाळीनं त्यांचे डोळे जायला लागले होते. संध्याकाळी घरी आले की डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवून पडून राहायचे. डॉक्टरांनी वेल्डिंग सोडायला सांगितलं. त्यांनी ते हसण्यावारी नेलं.

“म्हणून मी मशीन घेतलं,” रफीकभाई म्हणाले. “ताईंनी चालवायचं, भाईनं खुर्चीत बसायचं, काचेतनं बघायचं. मशीननं झळ सोसायची. भाई मालक, मी नुसता कागदपत्रं बघणारा. त्याला सांगितलं असतं तर नको म्हणाला असता, माझ्यासाठी एवढं कशाला म्हणाला असता. म्हणून सांगितलंच न्हाई, ह्या शेडला कुलूप घालून ठेवलं. एकदम आणून दाखवायचं ठरवलं.”

“मग कुठं आहेत ते?”

“गेला. आज सकाळी. वयनी आन् पोरांना घेऊन फलटणला, सासरवाडीला. तुमचा ट्रक येणार म्हणून त्याला रंगाच्या दुकानात कुणीतरी सांगितलं, आता काय सलीम, आराम. तुझ्या जागी मशीन येतंय.”

सुनंदाताई उभ्याच होत्या. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “मॅडम, मला न्हाई जमणार हे. दुसऱ्याच्या जागंवर मला न्हाई बसायचं. साताऱ्यात माझ्यावर आलं तेच मी हितं करू?”

रफीकभाईंनी ते ऐकलं असावं. ते जवळ आले. “ताई, तुमी गेलासा तर मशीन असंच पडंल. आन् भाईनं येऊन बघितलं तर त्याला काय दिसंल? पडलेलं लोखंड. निदान चालू करून तरी ठेवा.”

त्या थांबल्या.

पुढचे दिवस आम्ही दोघींनी त्या हाताला पुन्हा शहाणं केलं. सांधा खुणेवर आणायचा, नोंदवायचा, पुढचा सांधा. मग खरी अडचण. साताऱ्याचं लोखंड यंत्रानं कापलेलं, सगळे तुकडे एकसारखे. इथले चॅनेल, म्हणजे चौकटीचे लांब दांडे, हातकटरनं कापलेले, एक जरा लांब, एक जरा तिरका. रोबोट शिकवलेल्या जागी बरोबर जायचा आणि जोड तिथं नसायचा. पहिल्या ट्रॉलीच्या चौकटीला त्यानं जोडाच्या शेजारी, मोकळ्या लोखंडावर, फार सुंदर वेल्डिंग केलं. बघायला जमलेले कामगार हसले. रफीकभाई हसले नाहीत.

“भाई असता तर हात जरा सरकवला असता,” ते म्हणाले.

आम्ही चौकट आवळून धरणारा साचा बनवला, कापणाऱ्याला नवीन माप दिलं, दोन दिवस भांडणं झाली, आणि एका दुपारी जोड जिथं हवा तिथं, एका लयीत, टोकापासून टोकापर्यंत पडला. सुनंदाताईंनी झळ अडवणारा पडदा बाजूला केला, जोड निवल्यावर त्यावरून बोट फिरवलं. एरवी अशा वेळी मी टाळ्या पिटते. त्या दिवशी पेंडंट खुंटीला अडकवलं. एक जुना कामगार म्हणाला, “सलीमभाईला फोटू पाठवू का?” कुणीच हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

आमची राहायची सोय शिकलगारांच्याच घरी होती. त्यांच्या आईला सगळे अम्मा म्हणत. घरात आपापसांत त्या दख्खनी बोलत आणि आमच्याशी खणखणीत सांगलीची मराठी. आमच्याकडं जिला ज्वारी म्हणतात तिला त्या शाळू म्हणत, आणि त्याची भाकरी अशी पातळ थापत की माझ्या आईनं हेवा केला असता. सोबत मटणाचा लाल रस्सा. “खावा, लाजू नगासा.” त्यांच्याकडं पाहुण्याच्या ताटात वाढायला परवानगी लागत नाही. आमच्याकडं आधी तीनदा आग्रह, मग वाढणं. इथं आधी वाढणं, मग आग्रह.

जेवताना रफीकभाईंच्या डाव्या हाताची जागा मोकळी असायची. एकदा अम्मा म्हणाल्या, “दोघं एका ताटात जेवायचे हो. लगीन झाल्यावर बायकांनी ताटं येगळी केली, तरी शेजारी बसायचे.” रफीकभाई हात धुवायला उठून गेले.

मी त्यांना विचारलं, तुम्ही का नाही जात फलटणला? ते म्हणाले, “फोन उचलत न्हाई. गेलो तर भांडण हुईल. भांडणात मी काय तरी बोलंन, तो काय तरी बोलंल, मग राहिलंय ते पण जाईल.” मग चाचरत म्हणाले, “तुमी परत पुण्याला चाललाय. फलटणवरनं गेला तर? ताईंना पण न्या. बाहेरच्या माणसाचं ऐकंल तो.”

फलटण

सांगलीहून विट्यामार्गे एसटीनं निघालो. तासगावच्या द्राक्षबागा मागं पडल्या आणि विट्याच्या पुढं देश एकदम कोरडा झाला. उघडे माळ, बाभळी, लांब टेकड्यांवर फिरणाऱ्या पवनचक्क्या. मला उगाच माहेरची आठवण झाली. दहिवडीच्या स्टँडवर आम्ही अम्मांनी बांधून दिलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. सुनंदाताई फारसं बोलत नव्हत्या. भाकरीचा तुकडा हातात धरून एकदम म्हणाल्या, “मी ठरवलंय. त्येंना मशीन शिकवती आन् घरी जाती. माझं काय, म्हशी हायत्या.”

“तानाजीरावांना काय सांगाल?”

“पोस्टिंग क्यान्सल झाली म्हनून सांगंन.”

फलटणजवळ कालवा आला आणि पुन्हा ऊस. साखर कारखान्याच्या गाळपाआधीच्या दुरुस्त्या चालल्या होत्या आणि एका ठेकेदाराकडं सलीमभाईंना वेल्डिंगचंच काम मिळालं होतं. दुपारच्या सुट्टीत ते सासऱ्यांच्या घरी आले. उंच, सडसडीत, दाढीत पांढरे केस, डोळ्यांच्या कडा लाल. आम्ही कोण ते कळल्यावर क्षणभर दारातच थांबले, मग आत येऊन म्हणाले, “बसा. च्या झाला का?”

मी रफीकभाईंकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. काचेची खोली, खुर्ची, डॉक्टरांचं म्हणणं. ते भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. त्यांच्या बायकोनं, रेश्मावहिनींनी, चहा आणला आणि त्याही ऐकत उभ्या राहिल्या.

“रोज माझ्या शेजारी जेवायला बसायचा,” सलीमभाई शेवटी बोलले. “आन् गालातल्या गालात हसायचा. पंधरवडाभर. मी म्हटलं, काय झालंय ह्याला? मग रंगाच्या दुकानात ते ऐकलं. तवा मला त्येचं हसणं कळलं. मला वाटलं कळलं.”

“तुम्हाला चकित करायचं म्हणून हसत होते ते,” मी म्हटलं.

“आता तुमी सांगताय म्हणून कळतंय की. खरं असंल. रफीक खोटं बोलणारा न्हाई.” त्यांनी डोळ्यांतलं पाणी रुमालानं टिपलं, ते डोळ्यांच्या दुखण्याचं होतं की कशाचं, सांगता येत नव्हतं. “पर माझ्या डोळ्याचं त्यानं डॉक्टरला इचारलं, मशीनवाल्यांना सांगितलं, अख्ख्या कुपवाडला म्हाईत. मला एक डाव इचारायचं न्हवतं? भाई, काय करू म्हणून? मी नको म्हटलं असतं. मग समजूत घातली असती. थोरला हाय मी त्येचा.”

सुनंदाताई पुढं सरकल्या. “सलीमभाऊ, चला माझ्यासंगं. मी समदं शिकवती. अवघड न्हाई, मला आलं म्हंजी तुमाला येतंय. तुमी शिकलासा की मी माझ्या गावी जाती. ती जागा तुमचीच हाय.”

त्यांनी सुनंदाताईंकडं पहिल्यांदा नीट पाहिलं. “तुमची नोकरी गेली न्हवं साताऱ्यात?”

“व्हय.”

“मग ही पण सोडणार माझ्यापायी? न्हाई ताई. एवढं वझं नका घालू माझ्यावर.”

“मग दोघं मिळून चालवू.”

त्यांनी चहाचा कप उचलला आणि न पिताच खाली ठेवला. मला वाटलं, आता हो म्हणतील. रेश्मावहिनींनाही तसंच वाटलं असावं, त्या पुढं होऊन म्हणाल्या, “आवं, जाऊन तर या.” ते मान हलवत राहिले.

“निघताना अम्माला मी लय वाईट बोललोय,” ते म्हणाले. “रफीकबद्दल. वडलांच्या नावानं बोललोय. ते हितं सांगण्यासारखं न्हाई. तिनं त्याला सांगितलं का?”

अम्मांनी आम्हाला तसं काहीच सांगितलं नव्हतं. रफीकभाईंनाही सांगितलं नसावं. मी तसं म्हटलं.

“बघा,” ते म्हणाले. “ती सांगायची न्हाई. पर मी बोललो ते बोललो. आता त्या खुर्चीत कुठल्या तोंडानं बसू?”

मी किती तरी यंत्रं दुरुस्त केली आहेत, पण तिथं बसून काय जोडायचं आणि कुठून सुरुवात करायची ते मला कळेना. कामाची वेळ झाली, ते उठले. आम्हाला स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत सुनंदाताईंना म्हणाले, “उभा जोड मारतंय का ते? खालनं वर?”

“मारतंय. करंट जरा कमी ठेवावा लागतोय, न्हाईतर लोखंड वघळतंय.”

“हाताला पण तसंच,” ते म्हणाले. थोडं चालल्यावर, “ट्रॉलीच्या मागच्या झडपंच्या बिजागरीला दोन्हीकडनं मारा म्हणावं. एका बाजूनं मारलं तर हंगामात सुटती. रफीकच्या ध्यानात ऱ्हात न्हाई ते.”

“तुमीच सांगा की त्यांना,” सुनंदाताई म्हणाल्या.

ते हसले. बस लागली होती. सुनंदाताई सांगलीच्या गाडीत बसल्या, मी पुण्याच्या. खिडकीतून पाहिलं तर ते दोन्ही गाड्यांच्या मधोमध उभे होते आणि कुठल्या गाडीला हात करावा ते न कळल्यासारखे कुणालाच करत नव्हते.

पुणे

लोणंदच्या पुढं अंधारायला लागलं आणि वाटेवर पुन्हा पुन्हा मनात येत राहिलं की हे सगळं किती थोडक्यात चुकलं. रंगाच्या दुकानातला तो माणूस एक दिवस उशिरा बोलला असता, तर? आमचा ट्रक एक दिवस आधी मिळाला असता, तर? मेढ्याला मी नाचणीची भाकरी खाल्ली त्याच दिवशी कुपवाडला रफीकभाई खुर्ची विकत आणत होते आणि सलीमभाई त्यांच्याशेजारी गप्प जेवत होते. दोन भाऊ आणि सुनंदाताई, तीन भली माणसं, कुणाचंही कुणाबद्दल वाईट नाही. मी या कामात इतकी वर्षं आहे. यंत्र आलं आणि माणूस गेला असं पुष्कळदा पाहिलं. माणसासाठी आणलं म्हणून माणूस गेला, हे पहिल्यांदा पाहिलं.

रोबोट चालू आहे. हंगामाआधी ट्रॉल्या वेळेत गेल्या. बिजागरी दोन्ही बाजूंनी जोडतात; ते कुणी सांगितलं हे सुनंदाताईंनी रफीकभाईंना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ बिजागरीकडंच बघत बसले. सुनंदाताई कुपवाडलाच खोली घेऊन राहतात. तानाजीराव महिन्यातून एकदा येतात आणि, त्या सांगतात, कारखान्यात येऊन दोन्ही हात मागं बांधून रोबोटाची पाहणी करतात.

परवा त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाल्या, “मॅडम, सलीमभाऊ येऊन गेलं.”

“कधी? रफीकभाई भेटले?”

“कुठलं. शुक्रवारी आलते. शुक्रवारी कारखाना बंद असतोय, त्येंनाच ठाऊक की ते. पलीकडच्या च्यावाल्यानं सांगितलं. रफीकभाऊ नमाजाला गेलते तवा अम्माला भेटलं, मग हितं आलं. खिडकीपाशी उभं ऱ्हाऊन दोन्ही हात काचंला लावून आत बघत व्हते म्हनं. च्यावाला म्हनाला, रफीकला फोन लावू का? तर नगं म्हनाले. च्या पन घेतला न्हाई.”

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

“आता मी शुक्रवारी जाती कारखान्यात,” त्या म्हणाल्या. “रफीकभाऊंना सांगितलंय, मशीनची साफसफाई असती. दार उघडं ठेवून बसती.”

“आले का पुन्हा?”

“अजून न्हाई,” सुनंदाताई म्हणाल्या.